विंचवाचं बिऱ्हाड, पंचावन्न लिटरचं

आमच्या आजीकडे एक म्हण नेहमी तयार असते, 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.' मी सुट्टीत घरी गेले आणि दारात सॅक टेकवली की ती हे हमखास म्हणते. पूर्वी राग यायचा. आता वाटतं, म्हातारी बरोबर बोलते. कारण अडीच वर्षांत माझ्या पाच खोल्या झाल्या. फर्स्ट इयरचं होस्टेल, सेकंड इयरला दुसऱ्या विंगमधली खोली, उन्हाळी इंटर्नशिपसाठी चिंचवडला पेईंग गेस्ट, थर्ड इयरला पुन्हा होस्टेल आणि डिसेंबरमध्ये महिनाभर बंगळूरला मावसबहिणीचा भाड्याचा फर्निश्ड फ्लॅट. बाबा बँकेत. दर तीन वर्षांनी बदली. त्यामुळे 'घरी ठेव ना सामान' हा पर्यायही नाही, कारण क्वार्टर्समधलं कपाटसुद्धा बँकेचं!

त्यात मला ट्रेकिंगचा नाद. आता सांगा, ज्या मुलीला स्वतःचं कपाट नाही, तिने स्लीपिंग बॅग, शूज, हेल्मेट, हार्नेस आणि ४० मीटरचा दोर ठेवायचा कुठे? हा लेख त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. थोडी माहिती आहे, थोडा अनुभव आहे आणि मधे एक कबुली आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांवर!)

'फर्निश्ड' म्हणजे नक्की काय?

जाहिरातीत 'फुल्ली फर्निश्ड' वाचून भुलू नका. माझ्या अनुभवात त्याचा अर्थ असा : एक पलंग, एक गादी, एक पंखा, आणि एक कपाट ज्याचा वरचा कप्पा मालकीणबाईंच्या पितळेच्या भांड्यांनी भरलेला असतो. स्वयंपाकघर असेल तर कुकर, चार ताटं, दोन पातेली.

पण यातच पॅकिंगचं पहिलं सूत्र आहे. खोली जे देते ते तुम्ही न्यायचं नाही. जे कुठलीच खोली देणार नाही, तेवढंच न्यायचं. उशी, चादर, बादली, इस्त्री हे सगळीकडे मिळतं किंवा शेजारच्या खोलीतून मागता येतं. तुमच्या पायाच्या मापाचे, मुरलेले ट्रेकिंग शूज मात्र कुणी देत नाही.

दुसरं सूत्र दुहेरी वापराचं. कॅरीमॅट पाहुण्या मैत्रिणीला अंथरायला होतो. हेडलॅम्प लाईट गेल्यावर सबमिशन पूर्ण करायला उपयोगी पडतो (दोन्ही हात मोकळे, आणखी काय हवं!). ट्रेकचं ताट-मग खोलीवर चालतं. पॉन्चो बसस्टॉपपर्यंत छत्रीचं काम करतो. ज्या वस्तूला खोलीत काहीच काम नाही आणि डोंगरातही वर्षातून एकदाच लागते, ती विकत घेण्याऐवजी ग्रुपमधून मागून घ्या. तंबू हे त्याचं उत्तम उदाहरण. आमच्या ग्रुपमध्ये आठ जणांत दोन तंबू आहेत आणि ते पुरतात.

आधी वजन करा

इंजिनीअर आहोत, तर अंदाजपंचे नको. मेसमधल्या काकांचा वजनकाटा मागून घेतला आणि एकेक वस्तू तोलली. रिकामी ५५ लिटरची सॅक १.८ किलो, स्लीपिंग बॅग १.५, शूज १, हार्नेस ४५० ग्रॅम, हेल्मेट ३५०, पॉन्चो ३५०, कॅरीमॅट ३००, ताट-मग-चमचा ३००, औषधांची डबी ३००, हेडलॅम्प १००. बेरीज सहा किलो ४५० ग्रॅम. त्यात १०.५ मिलिमीटर जाडीचा ४० मीटर दोर धरला तर आणखी पावणेतीन किलोच्या आसपास.

पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत असावं, असा ट्रेकर्सचा ढोबळ नियम आहे. माझं वजन ४८ किलो, म्हणजे साडेनऊ किलोची मर्यादा. सामान नऊ किलो दोनशे. अजून पाणी आणि कपडे बाकीच! हा हिशोब झाल्यावर मी तीन टी-शर्ट, एक जादा टॉवेल आणि एक जाडजूड स्वेटर मावसबहिणीला देऊन टाकला. वजनकाट्यासारखा प्रामाणिक मित्र नाही.

तीन ढीग

आता मुख्य गोष्ट. शाळेत गाईड्सच्या कॅम्पला जाताना सिस्टर यादी द्यायच्या आणि आम्ही आकारानुसार भरायचो, मोठं खाली आणि लहान वर. खोली बदलतानाही मी तेच करत आले. आता करत नाही. आता सामान पलंगावर पसरते आणि एकेका वस्तूला एकच प्रश्न विचारते, 'तू ऐनवेळी फसलीस तर काय होईल?'

उत्तर 'गैरसोय होईल' असं आलं, तर तो सोयीचा ढीग. ताट, मग, उशीची खोळ, पत्ते. हे कुठेही ठेवा.

उत्तर 'आजारी पडेन, भिजेन, पाय सोलवटतील' असं आलं, तर तो अंगावरचा ढीग. शूज, स्लीपिंग बॅग, पॉन्चो, औषधं, हेडलॅम्प. हे कोरडं आणि स्वच्छ ठेवायचं.

आणि उत्तर 'कुणीतरी पडेल' असं आलं, तर तो जीवावरचा ढीग. दोर, हार्नेस, स्लिंग, कॅराबिनर, हेल्मेट. हे कुठे ठेवायचं ते खोलीच्या सोयीने ठरवायचं नाही. हे मला कसं कळलं, ती माझी कबुली.

दोराची गोष्ट

आमच्या ग्रुपचा दोर सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेला. कुणी मेसचा खाडा घालून पैसे दिले होते, कुणी वाढदिवसाची पार्टी रद्द करून. उन्हाळ्यात होस्टेल रिकामं करायचं असतं, म्हणून मे महिन्यात दोर माझ्याकडे आला. मी तो चिंचवडच्या खोलीवर नेला. खोली तिघींची आणि कपाट एकच. दोराची पिशवी रोज कुणाच्या तरी पायात यायची. घरमालकीण काकू फार प्रेमळ. त्या म्हणाल्या, "अगं, जिन्याखाली ठेव की. तिथे कुणाची अडचण नाही." जिन्याखाली खरंच छान जागा होती. सावली, कोरडी, कुलपाची. मी दोर तिथे ठेवला आणि दोन महिने विसरले.

ऑगस्टमध्ये आम्ही सरावाला गेलो. आमचा सीनियर दादा वापरण्याआधी दरवेळी दोर हातातून सरकवत वीतवीत तपासतो. कुठे कडक झालाय का, मऊ पडलाय का, आवरण उसवलंय का. सगळा दोर पाहून झाला. डाग नाही, काही नाही. मग त्याने सहज विचारलं, "उन्हाळ्यात कुठे होता?"

मी म्हटलं, "जिन्याखाली. इन्व्हर्टरच्या शेजारी."

तो काहीच बोलला नाही. दोर गुंडाळला, पिशवीत घातला आणि सगळ्यांना म्हणाला, "आज सराव नाही. खाली चला."

मला आधी कळेचना. मग रागही आला. दोर नव्यासारखा दिसत होता! खाली चहाच्या टपरीवर त्याने सांगितलं आणि मला फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवली. दोर नायलॉनचा असतो. नायलॉन म्हणजे पॉलिअमाईड, आणि त्यातले अमाईड बंध आम्लात तुटतात. इन्व्हर्टरची साधी बॅटरी लेड-ॲसिडची, तिच्यात सल्फ्युरिक आम्ल. चार्जिंग होताना बुडबुडे उठतात आणि झाकणाच्या भोकांतून आम्लाचा बारीक तुषार बाहेर येऊ शकतो. पाणी भरताना एखादा थेंब सांडू शकतो. आम्ल लागलेला दोर वरून ठणठणीत दिसूनही आतून कमजोर झालेला असू शकतो. म्हणून गिर्यारोहणात दोर बॅटरीजवळ ठेवायचा नाही, गाडीच्या डिकीतसुद्धा नाही, हा जुना नियम आहे. मी वाचलेला होता. परीक्षेला लिहिताही आला असता. पण जिन्याखाली दोर ठेवताना माझ्या डोक्यात एकच विचार होता, 'कुणाची अडचण नको.'

मी हट्ट धरला की टेस्ट करून बघू. दोराचे दोन तुकडे कापून आम्ही मटेरियल लॅबमध्ये युटीएमवर लावायला गेलो. पण ते जबडे लोखंडी सळई धरायला केलेले. दोर त्यातून सरकत राहिला. लॅबच्या सरांनी दोन प्रयत्न करू दिले आणि मग म्हणाले, "बाळ, एक तुकडा तुटला नाही म्हणजे उरलेला अडतीस मीटर चांगला आहे, असं सिद्ध होतं का?"

होत नाही. आमचा दोर खरंच खराब झाला होता की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही. आणि मुद्दा तोच आहे. दोराच्या बाबतीत शंका आली की दोर संपला. त्याला 'संशयाचा फायदा' देता येत नाही, कारण तो फायदा दुसऱ्याच्या जीवावर दिलेला असतो. त्या दिवशी पहिल्यांदा फर्स्ट इयरची एक मुलगी चढणार होती. तिचं नाव लिहीत नाही, पण हे वाचताना तिला कळेलच.

परक्या खोलीत काय, कुठे ठेवायचं?

तेव्हापासून नव्या खोलीत गेले की मी पलंग कुठला ते नंतर बघते. आधी बघते की इन्व्हर्टर कुठे आहे, गीझर कुठे आहे, ऊन कुठून येतं, ओल कुठल्या भिंतीला आहे आणि फिनेल-ॲसिडच्या बाटल्या कुठे ठेवतात. संडास साफ करायचं ॲसिड बहुतेक घरांत असतंच. या पाच जागा सोडून जी उरते ती दोराची. माझ्याकडे सध्या ती पलंगाखाली, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आहे.

बाकी वस्तूंचं थोडक्यात असं :

दोर आणि स्लिंग धुतले तर सावलीत वाळवा. कडक उन्हातले अतिनील किरण नायलॉनला हळूहळू कमजोर करतात. दोराच्या पिशवीत एक कार्ड ठेवा. कधी घेतला, कुठे वापरला, कुणाकडे होता, कुठे ठेवला. आमच्या नव्या दोराचं कार्ड आहे आणि त्यातला 'कुठे ठेवला' हा रकाना माझ्यामुळे आलाय.

तंबू ओला घडी घालू नका. रात्री दोनला परत आलात तरी आधी तो उघडा. दाराच्या वर टाका, पंखा पाचवर करा, खाली वर्तमानपत्रं अंथरा. ओला ठेवला तर बुरशी लागतेच, शिवाय आतलं पॉलियुरेथेनचं अस्तर दमट हवेत कालांतराने चिकट होऊन सुटायला लागतं. याला हायड्रोलिसिस म्हणतात. पाण्याने पॉलिमरच्या साखळ्या तुटतात.

शूजचंही तेच. बऱ्याच ट्रेकिंग शूजच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. दोन-तीन वर्षं डब्यात बंद ठेवलेले 'नवेकोरे' शूज गडाच्या पायथ्याशी तोंड उघडतात, ते त्यामुळे. ट्रेकच्या आधी तळवा वाकवून बघा, भेगा दिसतात का. ओले शूज वर्तमानपत्राचे बोळे भरून वाळवा आणि दोन तासांनी बोळे बदला. गीझरजवळ किंवा इस्त्रीने वाळवायला जाऊ नका. गोंद सुटतो. (इस्त्रीचा प्रयोग आमच्या विंगमध्ये झालेला आहे. कुणी केला ते विचारू नका.)

स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून फक्त प्रवासात न्यायची. खोलीवर आलात की सैल सुती खोळीत ठेवा. ऊब कापसाची किंवा पिसांची नसते, त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. सहा महिने दाबून ठेवलं की तंतू फुगायचेच विसरतात आणि मग ती नुसती महागडी चादर होते.

हेडलॅम्पमधून सेल काढून ठेवा. पडून राहिलेले सेल गळतात आणि आतले संपर्क गंजवतात. औषधांच्या तारखा दर सेमिस्टरला बघा.

सॅक भरण्याचं शास्त्र

हे मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटमध्येच आहे. दहा किलो म्हणजे साधारण ९८ न्यूटन. हे वजन पाठीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर मोमेंट सुमारे १० न्यूटन-मीटर. तेच २५ सेंटिमीटरवर, म्हणजे बाहेरच्या कप्प्यात टाकलं तर सुमारे २५. वजन तेवढंच, पण तुम्हाला मागे ओढणारा जोर अडीचपट! तो भरून काढायला तुम्ही पुढे वाकता आणि संध्याकाळी कंबर बोलते. म्हणून जड वस्तू पाठीला चिकटून आणि मधल्या उंचीवर. स्लीपिंग बॅग तळाला, कारण ती मुक्कामालाच लागते. पॉन्चो, पाणी आणि हेडलॅम्प अगदी वर. आतून एक मोठी प्लास्टिकची पिशवी. सॅकवरच्या 'रेनकव्हर'वर सह्याद्रीच्या पावसात विसंबू नये, पाणी पाठीच्या बाजूने शिरतंच.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले, पण पटलं दुसरीकडेच. दिवाळीनंतर माणदेश-फलटण भागातले धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात. घाटाच्या रस्त्यावर असाच एक वाडा उठत होता. एक मावशी घोड्यावर बिऱ्हाड लादत होत्या. भांडी, वाकळा, पीठ, वरती एक कोकरू. दोन्ही बाजूंना हाताने उचलून वजन सारखं आहे का ते बघत होत्या. मी बघत उभी राहिले तर हसल्या. म्हणाल्या, "आधी लागतंय ते वर ठिवायचं, पोरी. आन् घोड्याच्या पाठीला लागंल असं कायबी ठिवायचं न्हाई." दोन वाक्यांत सगळं युनिट संपलं. आम्ही शनिवार-रविवार विंचू होतो, त्या आठ महिने असतात.

प्रवास आणि घरमालक

रेल्वेने जाताना रॉकेल, पेट्रोल, गॅसचं सिलिंडर न्यायचं नाही. हा गुन्हा आहे आणि तुरुंगवासापर्यंत शिक्षा होऊ शकते. विमानात स्टोव्हचं गॅस कॅनिस्टर हातातल्या सामानातही चालत नाही आणि खालच्या सामानातही नाही. जिथे जाल तिथेच घ्या. चाकू खालच्या सामानात टाका. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच सामानात. मर्यादा साधारणपणे १०० वॉट-तास. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास, चालते. तरी निघण्यापूर्वी विमान कंपनीचे ताजे नियम बघून घ्या. आणि रेक्टर सर वाचत असतील तर, आमच्या विंगमध्ये स्टोव्ह नाही, सर.

खोली भाड्याने घेताना सगळे ११ महिन्यांचा करार करतात. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून एक महिना कमी! पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करारासोबत फर्निचरची यादी मागा आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. म्हणजे डिपॉझिट परत घेताना भांडण होत नाही.

आणि ट्रेकवरून आल्यावर बूट बाथरूममध्ये धुऊ नका. आधी बाहेर चिखल झाडा. मोरी तुंबली की काकूंचं प्रेम आटतं. खरं तर काकूंना पहिल्याच दिवशी सांगावं, 'मी डोंगरात जाते, माझ्याकडे असं असं सामान आहे, ते इथे इथे ठेवता येणार नाही.' मी हे सांगितलं नाही. लाज वाटली. परक्याच्या घरात जागा कशी मागायची? एवढं एक वाक्य बोलले असते तर आमचा दोर वाचला असता.

जुना दोर आता कुठे आहे? सेकंड फ्लोअरच्या कॉरिडॉरमध्ये बघा. नारिंगी, निळ्या नक्षीचा. त्याचे तुकडे केलेत, म्हणजे चुकूनही कुणी चढायला घेणार नाही, आणि सगळ्या विंगचे कपडे त्यावर वाळतात. नवा दोर पुन्हा वर्गणीतून आला. मी तीन महिन्यांचा स्टायपेंड घातला, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये दादाने नव्या दोराची पिशवी पुन्हा माझ्याच हातात दिली.

येत्या मे महिन्यात होस्टेल परत रिकामं होईल. ज्यांना सामान कसं भरायचं हा प्रश्न पडलाय त्यांनी परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी आपापली सॅक घेऊन कॉमन रूममध्ये या. मेसमधल्या काकांचा वजनकाटा मी मागून आणते.